तुमच्या वायरचा जॉइंट किती किलोमीटरचा?

वरूड-मोर्शी भागातल्या आमच्या फायबर इंटरनेट ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"वायर तुटली होती, टेप गुंडाळला, तरी लाल लाईट काहून जात नाही जी?"

असा फोन दुकानावर आठवड्यातून एकदा तरी येतो. फोन करणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. आजवर घरात आलेली प्रत्येक वायर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची होती. दोन टोकं सोलली, एकमेकांना पीळ दिला, वरून काळा टेप मारला की मोटरपंपसुद्धा चालू होतो. फायबरच्या वायरीतून मात्र वीज जातच नाही. तिच्यात काच आहे आणि त्या काचेतून उजेड जातो. काचेला पीळ दिला की ती मोडते, आणि मोडलेली टोकं टेपनं शेजारी शेजारी बांधली तरी एकातला उजेड दुसऱ्यात शिरत नाही.

मग आमचा कामावरचा मुलगा येतो, तुमच्या अंगणात उकिडवा बसतो आणि दहा मिनिटांत बोटाच्या दोन पेरांएवढा प्लास्टिकचा एक तुकडा लावून जातो. लाईट हिरवा होतो. ह्या तुकड्याला मेकॅनिकल स्प्लाइस म्हणतात, आम्ही नुसतं 'जॉइंट' म्हणतो. तो पक्का आहे की तात्पुरता, पुन्हा का बदलावा लागतो, 'मशीनचा जॉइंट' वेगळा काय, हे लोक विचारतात. शिडीवरून उत्तर धड देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

वायरीच्या आत

तुमच्या घरी आलेल्या काळ्या चपट्या वायरीत एका कडेला पोलादी तार असते. ती फक्त खांबापासून घरापर्यंतचा ताण पेलते. मधे दोन कडक काड्या असतात आणि त्यांच्यामध्ये रंगीत दोऱ्यासारखा एकच धागा. तो धागा म्हणजे फायबर. रंगाच्या लेपासकट त्याची जाडी २५० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर. लेप काढला की उरते १२५ मायक्रॉनची काच. तीही सगळी कामाची नाही. उजेड चालतो तो तिच्या अगदी मधल्या गाभ्यातून, आणि गाभा आहे साधारण ९ मायक्रॉनचा. डोक्याचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन धरला, तर त्याचा आठवा-नववा हिस्सा.

जोडायचं म्हणजे हे दोन गाभे समोरासमोर आणायचे. एक मायक्रॉन इकडेतिकडे झालं तर थोडं नुकसान, तीन मायक्रॉन सरकलं तर उजेडाचा तिसरा हिस्सा तिथेच वाया. डोळ्यानं हे जुळत नाही, हातानं तर नाहीच.

जॉइंटच्या पोटात काय असतं

त्याच्या आत नांगराच्या तासासारखी एक बारीक सरळ खाच असते. दोन्ही बाजूंनी एकेक काच त्या खाचेत सरकवायची. दोन्ही काचांची बाहेरची जाडी सारखीच असते आणि गाभा बरोबर मधोमध, त्यामुळे एकाच खाचेत पडल्या की गाभे आपोआप समोर येतात. वरून झाकण दाबलं की काचा जागच्या जागी पकडल्या जातात. वीज लागत नाही, चार्जिंग लागत नाही. खांबाच्या टोकावर, भारनियमनात, भर पावसाळ्यात छत्रीखाली हा जॉइंट होतो.

खाचेत मधोमध थेंबभर पारदर्शक जेल असतं. ते चिकटवण्यासाठी नसतं. काचेची दोन टोकं कितीही जवळ आणली तरी मधे हवेची फट राहते. उजेड काचेतून हवेत आणि हवेतून पुन्हा काचेत जाताना दर वेळी साडेतीन टक्क्यांच्या आसपास मागे उलटतो. जेलचा गुण काचेसारखाच असल्यामुळे उजेडाला मधे फट आहे हे कळतच नाही. काचेची कांडी पाण्यात ठेवून पाहा, मग गोड्या तेलात ठेवून पाहा. तेलात तिची कड पुसट होते, तोच हा प्रकार.

खरं कसब मात्र त्याआधीचं आहे. लेप सोलायचा, काच अल्कोहोलनं पुसायची आणि टोक सपाट करायचं. टोकासाठी क्लीव्हर नावाचं यंत्र असतं. ते काच कापत नाही. फोटोफ्रेमवाला काचेवर हिऱ्यानं रेघ मारून ती मोडतो, तसं क्लीव्हर काचेवर बारीक ओरखडा काढून ती मोडतं. टोक एका अंशापेक्षा जास्त तिरपं नको. आमच्या हिशेबात वाईट जॉइंटांपैकी बहुतेक इथेच बिघडलेले असतात, कारण पातं बोथट झालेलं असतं किंवा मुलगा घाईत असतो.

पुसण्यावरून एक गोष्ट. आपल्याकडे घरोघरी कापूस. काच पुसायला म्हणून लोक मायेनं ताज्या बोंडातला कापूस आणून देतात. तो नको. त्याची रुई काचेला चिकटते, खाचेत जाते आणि काच उचलून धरते. धाग्याचं कुसळ दिसत नाही, पण ते गाभ्यापेक्षा जाड असतं. आमच्याकडे रुई न सोडणारे कागद असतात. चहा दिला तर नाही म्हणणार नाही.

किलोमीटरचा हिशेब

उजेड किती कमी झाला हे आम्ही डीबीत मोजतो. ३ डीबी कमी म्हणजे निम्मा, १० कमी म्हणजे दहावा हिस्सा, २० कमी म्हणजे शंभरावा. सध्याच्या काचेतून तुमच्या घराकडे येणारा उजेड एका किलोमीटरला साधारण पाव डीबी खर्च करतो. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं, की किलोमीटरला २० डीबीपेक्षा कमी खाणारी काच बनली तर उजेडावर दूरसंचार चालेल. तेव्हा तशी काच नव्हती. त्या कामासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आज आपल्या धुऱ्यावरून जाणारी वायर त्या अटीच्या कितीतरी पुढे आहे.

आता जॉइंट ह्याच मापानं मोजा. चांगला मेकॅनिकल जॉइंट ०.२ ते ०.३ डीबी खातो, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर काच. मशीननं वितळवून केलेला जॉइंट ०.०५ च्या आसपास, म्हणजे दोनशे मीटर. वाकड्या टोकाचा, धूळ गेलेला जॉइंट ३ डीबीसुद्धा खातो. तो १२ किलोमीटरचा झाला. घर खांबापासून पन्नास फुटांवर असूनही असा जॉइंट असलेला माणूस उजेडाच्या हिशेबात शेजारच्या गावी राहतो.

हे परवडतं की नाही, ते तुमच्या वाट्याला किती उजेड येतो त्यावर. एक मिलीवॅट उजेड म्हणजे शून्य धरून डीबीत मोजलं, तर आमच्याकडच्या उजेड पाठवणाऱ्या यंत्रातून तो साधारण अधिक ४ वर निघतो. वाटेत तो दोनदा आठ-आठ घरांत वाटला जातो. ह्या दोन स्प्लिटरांत २१ जातात. सहा किलोमीटर काच दीड खाते, प्लग-कनेक्टर एक-सव्वा. तुमच्या घरातल्या नेटच्या डब्याशी पोचतो तेव्हा उजेड मोजायचं मीटर उणे २० च्या आसपास दाखवतं, म्हणजे एका मिलीवॅटचा शंभरावा भाग. डबा उणे २७ पर्यंत कसाबसा वाचतो, आम्ही उणे २५ च्या खाली कुणाला ठेवत नाही. हातात उरले पाच. एक चांगला जॉइंट त्यातला पाव डीबी घेतो, कुणाला कळतही नाही. दोन वाईट जॉइंट सगळे पाच खाऊन वर उधार मागतात.

मग सगळीकडे मशीनचाच का नाही

फ्यूजन मशीन दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पाडून काच वितळवते आणि एकजीव करते. दोन टोकांची एकच काच होते, फट नाही, जेल नाही. टिकाऊपणात त्याला तोड नाही. पण मशीन नव्या मोटरसायकलच्या भावाची असते, तिची बॅटरी उतरते, वाऱ्यात ठिणगी हलते आणि काच खाली टेबलापर्यंत आणायला वायरला ढील लागते. आमच्याकडे ती एकच आहे. सकाळी ती लोणीकडे गेली आणि तुमची वायर शेंदूरजनाघाटला तुटली, तर दिवसभर थांबण्यापेक्षा दहा मिनिटांचा जॉइंट बरा, असं आमचं मत आहे. मुलांच्या ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी तर नक्कीच.

आमचा नियम असा. खांबापासून तुमच्या घरापर्यंतच्या वायरीवर मेकॅनिकल जॉइंट चालतो. एका वायरीवर दोनपेक्षा जास्त नाही, तिसऱ्यांदा तुटली तर वायरच नवी ओढतो. बारा-चोवीस धाग्यांच्या मुख्य केबलवर मशीनचाच, कारण तिथल्या एका धाग्यावर चौसष्ट घरं असतात. रात्री-अपरात्री मुख्य केबल तुटली तर तात्पुरता मेकॅनिकल लावून घरं चालू करतो आणि नंतर मशीननं बदलतो. ते बदलताना पुन्हा अर्धा तास लाईन जाते. लोक चिडतात, "चालू होतं, कावून हात लावला?" म्हणतात. त्याचं कारण एवढंच.

डब्याच्या मागे लागणारा हिरवा प्लग जर आम्ही तुमच्या घरीच बसवला असेल, तर तोही आतून एक छोटा मेकॅनिकल जॉइंटच आहे, खाच आणि जेलसकट. म्हणून तो धरून वायर ओढू नका.

आमचीच एक चूक

एका उन्हाळ्यात एका ग्राहकाचं नेट रोज दुपारी एक-दीडला जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. त्यांनी विचारलं, "तुमचं नेट दुपारी झोपते काय जी?" आम्ही राऊटर बदलला, अडॅप्टर बदलला, खांबावरचा प्लग पुसला. शेवटी एक जण भर दुपारी मीटर घेऊन टिनावर चढला. जॉइंट टिनाच्या पत्र्यावर, वर काही न झाकता ठेवलेला होता, आणि ठेवणारे आम्हीच. पारा पंचेचाळीसवर गेला की पत्रा हात लावू देत नाही. तापून प्लास्टिक फुगायचं, काच कणभर मागे सरकायची, संध्याकाळी थंड होऊन पुन्हा टेकायची. तेव्हापासून जॉइंट सावलीतल्या डबीत, भिंतीच्या उत्तर बाजूला किंवा घराच्या आतच ठेवतो. तुमचा पत्र्यावर राहिला असेल तर कळवा, पैसे लागणार नाहीत.

वायर तुटते कशानं

वानरांनी. ही आमची पहिली, दुसरी आणि तिसरी तक्रार आहे. संत्र्याचा बहार झाडावर असला की टोळी बागेत येते, हाकलली की वायरीवरून पळते. पोलादी तार वजन पेलते, पण झोक्यानं काच ताणली जाते आणि जॉइंटमधून निसटते. वायर दिसायला धड, पण लाईट लाल. त्यानंतर नंबर पऱ्हाटीनं किंवा कुटारानं उंच भरलेल्या ट्रॉलीचा. तुमच्या गल्लीतून ट्रॉली जाणार असेल तर आधी सांगा, वायर उंच करून देतो. धुऱ्यावर काडीकचरा पेटवताना वर एकदा पाहा. पेटवल्यावर वायरीचं वरचं आवरण फक्त मऊ झालेलं दिसतं, आतला धागा मात्र गेलेला असतो. जमिनीखाली रानडुकरं आणि जेसीबी, त्यांच्यापुढे आम्हीही हात टेकले.

घरात वायर जास्त झाली म्हणून तिचं वेटोळं करायचं असेल तर ते बांगडीपेक्षा लहान नको. खिळ्याला गाठ मारू नका, दारात चेपू नका.

लाल लाईट लागला तर

डब्यावरचा एलओएस (लॉस ऑफ सिग्नल) लिहिलेला दिवा लाल असेल तर उजेड येत नाही, म्हणजे वायर किंवा जॉइंट. तो लाल नाही आणि तरी नेट नाही, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे, जॉइंटला शिव्या देऊ नका. हिरवा प्लग बाहेर काढून फुंकर मारू नका, पदरानं पुसू नका. थुंकीचा एक थेंब पुरतो.

तुटक्या टोकात डोळा लावून 'उजेड येतो का' ते पाहू नका. हा उजेड डोळ्याला दिसतच नाही, तरी डोळ्यात जातो. आम्ही लाल उजेड सोडणारं पेन लावून वायर तपासतो तेव्हाही टोक कुणाच्या तोंडाकडे धरू देत नाही. वायर विजेच्या तारेवर पडलेली किंवा तिला टेकलेली असेल तर हात लावू नका. पोलादी तारेतून करंट येतो. आधी महावितरणला फोन, मग आम्हाला.

काम झाल्यावर काचेचे कापलेले तुकडे आमच्या मुलानं बाटलीत भरून नेले का, ते पाहा. ते दिसत नाहीत, पण पायात शिरतात, आणि गोठ्याजवळ असतील तर चाऱ्यात जातात. विसरला असेल तर त्याला परत बोलवा, आम्हाला राग येणार नाही.

डब्याच्या मागे आम्ही एक चिठ्ठी चिकटवतो. तिच्यावर तारीख आणि मीटरचा आकडा असतो. दर जॉइंटनंतर मुलाकडून आकडा लिहून घ्या. चिठ्ठीवर उणे २० आणि आता उणे २३ असेल, तर नेट चालू असलं तरी निम्मा उजेड कुठेतरी गळतो आहे.

मे महिन्यात, मृगाच्या आधी, आम्ही गावोगाव फिरून दोन वर्षांवरचे जॉइंट तपासतो आणि लागतील तिथे मशीनचे करतो. तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहू. त्या दिवशी वावरात जाणार असाल तर शेजारी किल्ली ठेवा, आणि कुत्रं बांधून ठेवा.