गोळ्या मोफत, तरी उपचार का सुटतो?

क्षयरोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, तेव्हा त्या मध्येच सोडणारा रुग्ण निष्काळजीच असला पाहिजे, हा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनात रुजलेला समज चुकीचा आहे. नेहमीचा उपचार 6 महिन्यांचा असतो. बीडहून सांगलीच्या फडात आलेली ऊसतोड टोळी मात्र हंगाम संपताच परतते आणि दवाखान्यापायी पडलेल्या खाड्याचा दंड मुकादम उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीच्या कर्जात, चढवतो. केसपेपरवर एवढेच उरते: ‘उपचार सोडला’. (मोफत गोळीची खरी किंमत ही अशी.) 2022 पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना आरोग्याच्या पाठपुराव्यासाठी गावातील कुटुंबे दत्तक दिली जातात, हे चांगलेच, पण गावाबाहेर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणारे कुटुंब त्या यादीत सहसा येत नाही. ‘गोळ्या का सोडल्या?’ याआधी ‘पुढच्या महिन्यात कुठे असाल?’ हे विचारायला शिकवावे लागते.