पुस्तक मिटल्यावर

टेबलावर कागद, कागदावर सहा टोकांची चांदणी. चांदणी दुहेरी रेघांची, त्या दोन रेघांच्या मधल्या गल्लीतून पेन्सिल फिरवून आणायची. समोर आरसा उभा. हात आणि कागद थेट दिसू नयेत म्हणून वरून एक पत्र्याचा आडोसा. जे दिसेल ते आरशातच. जोडीदार मुलीनं स्टॉपवॉच दाबलं आणि पहिल्याच टोकाशी माझा हात अडला. पेन्सिल पुढे न्यायला जावं तर ती मागे येते. डावं-उजवं मात्र जागच्या जागी असतं. उलटतं ते फक्त जवळ-लांब, आणि म्हणून तिरक्या रेघांवर अक्षरशः घाम फुटतो. वीस वर्षं फळ्यावर सरळ रेघा ओढलेली मी, त्या चांदणीचं पार कोळ्याचं जाळं करून ठेवलं.

एम.ए. मानसशास्त्राच्या पहिल्या सत्रातलं हे प्रात्यक्षिक. मी ४२ वर्षांची, वर्गातल्या बाकीच्या मुली २२-२३च्या. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला आमच्याकडे ‘प्रयोज्य’ म्हणतात. शाळेत आयुष्यभर प्रयोगकर्ती होते, हे आता प्रयोज्य होताना कळत होतं. दहाव्या खेपेला चुका बऱ्याच कमी झाल्या, वेळही उतरला. गंमत म्हणजे ‘काय शिकलीस?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हात शिकला होता. मी फक्त बघत होते.

याच चांदणीनं मानसशास्त्राला एक मोठा धक्का दिलेला आहे. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला अपस्माराचे भयंकर झटके येत. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराचसा हिस्सा शस्त्रक्रियेनं काढला. झटके कमी झाले, पण नवीन आठवणी तयार होणंच थांबलं. आत्ता भेटलेला माणूस थोड्या वेळानं पुन्हा अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला तीन दिवस आरशातली चांदणी काढायला दिली. त्याच्या चुका दिवसागणिक कमी होत गेल्या. आणि हे आपण आधी कधी केलंय, याची त्याला दरवेळी गंधवार्ताही नसे.

त्याला येत होतं, पण येतंय हे ठाऊक नव्हतं. आपलं बहुतेकांचं नेमकं उलटं असतं. येतंय असं ठाम वाटतं, आणि येत नसतं. दोन वर्षांच्या अभ्यासातून माझ्या हाती काय लागलं म्हणाल, तर हे एवढंच. पण ते अनेक तऱ्हांनी लागलं.

येणं आणि येतंय असं वाटणं यांची फारकत पहिल्यांदा नीट केली ती हेर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थानं. १८८५ साली त्याचं स्मृतीवरचं पुस्तक आलं. प्रयोगकर्ता तोच आणि प्रयोज्यही तोच, दुसरा कोणी नाही. अर्थ असलेले शब्द घेतले तर जुन्या ओळखीपाळखी मध्ये येणार, म्हणून त्यानं दोन व्यंजनं आणि मध्ये स्वर अशा सुमारे २,३०० निरर्थक अक्षरजुळण्या तयार केल्या. त्यांच्या याद्या करायच्या, तालावर म्हणून पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा. खरी हुशारी इथून पुढे आहे. त्यानं ‘किती आठवतंय?’ असं स्वतःला विचारलंच नाही. तीच यादी पुन्हा पाठ करायला घेतली आणि पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला ते मोजलं. समजा पहिल्यांदा १०० मिनिटं लागली आणि दुसऱ्यांदा ६६, तर बचत ३४ टक्के. एक शब्द आठवत नसला तरी बचत निघू शकते. म्हणजे पुसलं गेलंय असं वाटतं तेही पुरतं पुसलेलं नसतं.

त्याची बचत वीस मिनिटांनी ५८ टक्के होती, तासाभरानं ४४, एका दिवसानं ३४ आणि ३१ दिवसांनी २१. विसरण्याची घाई पहिल्या तासाभरातच. पुढे महिनाभर उतार अगदी मंद. एका माणसाच्या डोक्याचा हा आलेख, तोही निरर्थक अक्षरांचा, म्हणून बरीच वर्षं लोकांनी नाकं मुरडली. २०१५ साली नेदरलँड्समध्ये हा प्रयोग पुन्हा झाला, तोही एकाच प्रयोज्यावर. वक्र जवळपास तसाच आला.

त्याच पुस्तकातला दुसरा आकडा मला जास्त आवडतो. बारा अक्षरजुळण्यांची यादी एका दिवशी सलग ६८ वेळा म्हणण्यानं जे साधलं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यावरही साधलं. जवळजवळ निम्मी मेहनत. आणि १८८५पासून हे माहीत असूनही ‘आदल्या रात्री एक फायनल रिव्हिजन’ हा आपला राष्ट्रीय कार्यक्रम चालूच आहे.

का चालू आहे, याचं उत्तर २००६च्या एका प्रयोगात सापडतं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा, एक समुद्री पाणमांजरावरचा. पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्या. एका गटानं चारही फेऱ्या वाचनातच घालवल्या, त्यांचा उतारा सरासरी १४ वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटानं एकच फेरी वाचन केलं, म्हणजे उतारा तीन-साडेतीन वेळा. उरलेल्या तीन फेऱ्यांत उतारा बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहून काढलं. बरोबर की चूक, हे त्यांना कुणी सांगितलंही नाही.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसतं वाचणारे पुढे, ८३ टक्के. लिहून काढणारे ७१. मात्र आठवड्यानं हीच परीक्षा घेतली तर वाचणारे घसरून ४० टक्क्यांवर आणि लिहून काढणारे ६१ वर. यात लबाडी कुठे आहे बघा. आठवड्यानंतर किती लक्षात राहील असं वाटतं, हे सगळ्यांना आधीच विचारलं होतं. सगळ्यात जास्त भरवसा वाचणाऱ्यांना होता!

कारण उघड आहे. चौदाव्यांदा वाचताना डोळे नुसते घसरत जातात, सगळं ओळखीचं लागतं. या ओळखीलाच आपण येणं समजतो. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत प्रत्यभिज्ञा वेगळी आणि प्रत्यावाहन वेगळं. घरगुती भाषेत, लग्नात समोर आलेला चेहरा ओळखणं वेगळं आणि त्याचं नाव घेऊन हाक मारणं वेगळं. कोऱ्या कागदासमोर बसलं की नावच आठवत नाही, आपण ढ आहोत असं वाटतं. पण ती आठवायची धडपड हाच अभ्यास असतो. दरवेळी ओढून काढलेली गोष्ट पुढच्या वेळी जरा सोपी निघते. हे कळतं, तरी वळत नाही. कार्पिके आणि मंडळींनी नंतर १७७ विद्यार्थ्यांना त्यांच्या सवयी विचारल्या. पुन्हा वाचतो म्हणणारे ८४ टक्के, स्वतःला आठवायला लावतो म्हणणारे ११.

हे वाचत होते तेव्हा मला आठवला परवचा. दिवेलागणीला हातपाय धुऊन भिंतीशी ओळीनं बसायचं, शुभंकरोती, मग महिने, तिथी, नक्षत्रं, मग पाढे. आजीच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकीसुद्धा. पुस्तक नाही, रोज थोडं, आणि अडखळलं की कोपऱ्यातून आजीचा दुरुस्तीचा आवाज. पुस्तक मिटून आठवणं, दिवसांत विभागून आठवणं आणि चुकलं की लगेच कळणं, सगळं एका सतरंजीवर. आपण त्याला घोकंपट्टी म्हणून हिणवलं, आणि डोळे फिरवत चौदा वेळा वाचण्याला अभ्यास म्हणू लागलो.

अर्थात परवच्याला हार घालायला मी बसलेले नाही. त्याची खोट पाचवीच्या वर्गात रोज दिसायची. ‘सात नव्वे?’ विचारलं की पोराचे ओठ हलू लागायचे. सात एके सात, सात दुणे चौदा... अशी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत त्रेसष्टला पोचायची. ओळीनं म्हटलेलं ओळीनंच येतं. म्हणून जुने गुरुजी पाढे आडवेतिडवे विचारत. त्यामागचं विज्ञान साऊथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली दाखवलं. चार वेगवेगळ्या आकारांच्या घनफळांची गणितं त्यांनी एका गटाला प्रकारवार दिली आणि दुसऱ्याला सरमिसळ करून. सराव करताना प्रकारवारवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानं परीक्षा घेतली तर प्रकारवारवाले २० टक्क्यांवर, सरमिसळवाले ६३. प्रकारवार सराव करणाऱ्याला सूत्र वापरता येतं, पण कोणतं वापरायचं हे ठरवण्याची वेळच त्याच्यावर आलेली नसते. आपल्या पाठ्यपुस्तकात धड्याशेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो, पण संकीर्ण म्हणजे त्याच धड्यातलं संकीर्ण. वर्ष संपताना वेळ नाही म्हणून आधी वगळला जातो तोही तोच.

दृश्य, श्राव्य आणि कृतिशील अशा ‘अध्ययन शैलीं’बद्दल वाचकांतले शिक्षक विचारतीलच. प्रशिक्षणांत मीही मुलांच्या शैलीचे तक्ते इमानेइतबारे भरले आहेत. शैलीनुसार शिकवल्यानं मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच सगळं संशोधन चाळून सांगितलं. ते तक्ते अजून कपाटात आहेत.

आणि माझा स्वतःचा अभ्यास? शेवटच्या सत्राच्या पेपरच्या आदल्या रात्री सव्वा वाजता मी ओट्याशी उभी राहून, चहा उतू जाऊ देत, पिवळ्या मार्करनं नोट्स रंगवत होते. विषय अध्ययन आणि स्मृती. दुसऱ्याच प्रश्नात वितरित, म्हणजे दिवसांत विभागलेल्या, सरावाचे फायदे सोदाहरण विचारले होते. मी एबिंगहाउसचे आकडे धडाधड लिहिले आणि गुणही चांगले पडले. पाच मिनिटांच्या परीक्षेत चौदा वेळा वाचणारेच पुढे असतात.

तीन महिन्यांनी नेट परीक्षेच्या तयारीसाठी तीच वही उघडली. पान ४०वर एक अख्खा परिच्छेद पिवळाजर्द होता. समासात माझ्याच अक्षरात ‘अतिशय महत्त्वाचं!!’ लिहिलेलं, दोन उद्गारचिन्हांसकट. परिच्छेद दोनदा वाचला. हा मी आयुष्यात पहिल्यांदाच वाचतेय, अशी माझी खात्री होती.