धुतलेल्या पानावर उरतं ते लोह

मध्ययुगीन मठवासीयांनी प्राचीन ग्रंथ द्वेषापोटी नष्ट केले, असं सर्रास लिहिलं जातं. पुष्कळदा कारण रोकडं होतं: चर्मपत्र, म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेलं जनावराचं कातडं, महाग होतं, म्हणून जुनी पानं धुऊन पुन्हा वापरत.

रोमन मुत्सद्दी आणि लेखक सिसेरो याच्या ‘दे रे पुब्लिका’ (‘राज्याविषयी’) या संवादाचं तेच झालं. त्यात इ.स.पू. 129 मध्ये रोमन सेनानी स्किपिओच्या बागेत लेलियस आणि इतर स्नेही जमतात. सत्ता एकाच्या हाती असावी, मोजक्यांच्या की सगळ्यांच्या, यावर चर्चा रंगते. चौथ्या-पाचव्या शतकातली त्याची एक प्रत सातव्या शतकात धुतली गेली आणि तिच्यावर ख्रिस्ती संत ऑगस्टीनचं बायबलमधल्या स्तोत्रांवरचं भाष्य चढलं. 1819 मध्ये व्हॅटिकनचे ग्रंथपाल आंजेलो माय यांना खालची अक्षरं दिसली.

ती उरली कशी? शाईमुळे. ती करताना बाळगुटीतलं मायफळ कुटून भिजवलं की टॅनिन हे तुरट द्रव्य आणि गॅलिक आम्ल पाण्यात उतरतं. त्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि थोडा डिंक घालायचा. ताजी शाई फिकट असते. कातड्यात मुरल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने फेरस लोहाचं फेरिक होतं आणि टॅनिनशी जोडून न विरघळणारं काळं संयुग बनतं. हिराकस जास्त झालं तर आम्लता वाढून पानच खाल्लं जातं. धुताना रंग जातो, पण तंतूंत रुतलेलं लोह बरंचसं राहतं.

आंजेलो माय यांनी पानांवर मायफळाचाच अर्क लावला. उरलेल्या लोहाला नवं टॅनिन मिळालं, अक्षरं पुन्हा काळी झाली. पण जिथे लोह नाही तिथेही अर्क बसतो आणि कालांतराने तपकिरी पडतो. असे डाग पुढच्या वाचकांना भोवले.

आता अर्काऐवजी अतिनील प्रकाश वापरतात. चर्मपत्रातलं कोलॅजेन हे प्रथिन निळसर चमकतं, शाई तो प्रकाश शोषते, म्हणून अक्षरं गडद दिसतात. मग वेगवेगळ्या तरंगलांबींच्या छायाचित्रांची वजाबाकी करून वरचं लिखाण फिकं करायचं. तेही पुरलं नाही तर क्ष-किरण: लोहाचे अणू 6.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण परत सोडतात, त्यावरून लोहाचा नकाशा निघतो. आर्किमिडीजच्या धुतलेल्या पोथीसाठी हेच केलं.

‘एआय हरवलेले ग्रंथ परत आणणार’ या मथळ्यांवर मात्र जाऊ नका. जे पानच उरलं नाही, ते कुठलाही संगणक वाचत नाही. सिसेरोच्या सहा भागांपैकी या प्रतीतून मुख्यतः पहिले दोनच बऱ्यापैकी मिळाले. शेवटचं ‘स्किपिओचं स्वप्न’ हे प्रकरण टिकलं ते मॅक्रोबियस या रोमन लेखकाच्या भाष्यासोबत त्याच्या नकला होत राहिल्या म्हणून. आणि काजळीच्या शाईत लोह नसतंच. तिथे लोहाचा नकाशा कोराच येतो.