आब्लार : स्पॅनिशमधील नियमित क्रियापद चालवण्याची रीत

आब्लार म्हणजे बोलणे. स्पॅनिश शिकताना नियमित क्रियापद म्हणून बहुधा हेच पहिले समोर येते. संस्कृतच्या तासाला धातू चालवतात तसेच स्पॅनिशमध्येही क्रियापद चालवावे लागते, म्हणजे पुरुष, वचन, काळ आणि अर्थ यांनुसार त्याला प्रत्यय लावावे लागतात. आपले ‘-णे’ काढले की ‘बोल’ उरते. तसे ‘-आर’ काढले की ‘आब्ल’ उरते आणि सगळे प्रत्यय त्यालाच जोडले जातात.

स्पॅनिश क्रियापदांचे तीन गण आहेत : ‘-आर’, ‘-एर’ आणि ‘-इर’ शेवटी असणारे. आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे, जेवणे) आणि बिबिर (जगणे, राहणे) ही त्यांची नेहमीची उदाहरणे. लॅटिनमध्ये गण चार होते, स्पॅनिशमध्ये तीन उरले. त्यांपैकी ‘-आर’ गण सर्वांत मोठा आहे आणि अजून वाढतो आहे. नवी क्रियापदे जवळजवळ सगळी इथेच येतात, उदाहरणार्थ चातेआर (चॅट करणे) आणि एस्कानेआर (स्कॅन करणे). मराठी परक्या शब्दाला ‘करणे’ जोडून काम भागवते. स्पॅनिश त्याला सरळ ‘-आर’ लावते आणि तो शब्द पहिल्या दिवसापासून सर्व काळांत चालू लागतो.

देवनागरीत ही रूपे लिहिताना एक अडचण येते. स्पॅनिशमध्ये शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर पडतो यावर अर्थ ठरतो आणि आपल्या लिपीत त्यासाठी खूण नाही. म्हणून या नोंदीत जिथे गरज आहे तिथे जोर पडणाऱ्या स्वरापुढे अवग्रह (ऽ) दिला आहे. तो स्वर लांबवायचा नाही, फक्त ठासून म्हणायचा.

वर्तमानकाळ असा चालतो : आऽब्लो (मी बोलतो), आऽब्लास (तू), आऽब्ला (तो, ती), आब्लाऽमोस (आम्ही), आब्लाऽइस (तुम्ही), आऽब्लान (ते, त्या). कर्ता बोलून दाखवावा लागत नाही. ‘येतो हं’ म्हणताना आपण ‘मी’ गाळतो, तसेच इथे प्रत्ययावरून माणूस कळतो. मात्र बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे कळत नाही. मराठीत ‘बोलतो’ आणि ‘बोलते’ वेगळे. स्पॅनिशमध्ये दोघेही ‘आब्लो’च म्हणतात.

‘तुम्ही’चे रूप स्पेनच्या बहुतेक भागात घरात आणि मित्रमंडळीत ऐकू येते. लॅटिन अमेरिकेत ते चालत नाही. तिथे अनेकांना उद्देशून ‘उस्तेदेस’ म्हणतात आणि क्रियापद ‘ते’चे वापरतात. आदरार्थी एकवचनी ‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या ‘बुएस्त्रा मेर्सेद’ या संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे, म्हणून समोरच्याशी बोलतानाही क्रियापद तृतीय पुरुषी येते. ‘महाराजांनी आसनस्थ व्हावे’ यातली अदब ओळखीची असलेल्या मराठी माणसाला हे चटकन पटते. आर्जेंटिना, उरुग्वे अशा देशांत ‘तू’साठी ‘बोस’ आहे आणि तिथे ‘आब्लास’चा जोर पुढे सरकतो : आब्लाऽस.

भूतकाळात खरी कसोटी लागते. एकदा घडून संपलेल्या गोष्टीसाठी आब्लेऽ (मी बोललो), आब्लाऽस्ते, आब्लोऽ, आब्लाऽमोस, आब्लाऽस्तेइस, आब्लाऽरोन. चालू असलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी आब्लाऽबा, आब्लाऽबास, आब्लाऽबा, आब्लाऽबामोस, आब्लाऽबाइस, आब्लाऽबान. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे या जोडीपाशी महिनोन्महिने अडतात, कारण इंग्रजीचा साधा भूतकाळ दोन्ही कामे करतो. मराठीत हा भेद मुळातच आहे. ‘काल आजीशी बोललो’ इथे आब्लेऽ. ‘लहानपणी रोज आजीशी बोलत असे’ इथे आब्लाऽबा. आपला रीतिभूतकाळ, त्याहून जुने ‘तो बोले, ती जाई’ हे ई-आख्यात आणि शिवाय ‘बोलत होतो’, या सर्वांची जागा ‘आब्लाबा’ घेते. वाक्य आधी मराठीत मनात आणले तर रूप निवडताना फारशी चूक होत नाही. मराठी विद्यार्थ्याला हा भाग इंग्रजीच्या आडवळणाने शिकवला जातो, याची मला खंत वाटते.

‘आब्लाबा’मधला ‘ब’ थेट लॅटिनमधून आला आहे. ‘-एर’ आणि ‘-इर’ गणांत तो गळून पडला, म्हणून ‘खात असे’ला कोमीऽआ आणि ‘राहत असे’ला बिबीऽआ होते. संपूर्ण भाषेत या काळात अनियमित क्रियापदे फक्त तीन : सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (पाहणे).

भविष्यकाळाला धातूचा तोडलेला तुकडा चालत नाही, आख्खे ‘आब्लार’ लागते : आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेऽमोस, आब्लारेऽइस, आब्लाराऽन. यामागे इतिहास आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘मला बोलायचे आहे’ अशा धाटणीची रचना रूढ झाली आणि त्यातले साहाय्यक क्रियापद पुढे मूळ शब्दाला चिकटले. आजच्या ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाची रूपे ए, आस, आ, एमोस, आन अशी आहेत. वरच्या प्रत्ययांशी ती जुळवून पाहावीत. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोहोंच्या मध्ये सर्वनाम घालता येई. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात ते अजून घालतात. गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज राजभाषा होती. तेव्हा शाळेत शिकलेल्यांना ‘आब्लार’चे भावंड ‘फालार’ ठाऊक असते. दोन्ही शब्द लॅटिनच्या एकाच क्रियापदापासून आले. पोर्तुगीजने आरंभीचा ‘फ’ राखला. स्पॅनिशमध्ये त्याचा ‘ह’ झाला आणि आज तो लिहिला जातो, उच्चारला जात नाही.

रोजच्या बोलण्यात भविष्यासाठी ‘बॉय आ आब्लार’ (मी बोलणार आहे) ही रचना जास्त ऐकू येते. त्यामुळे मूळ भविष्यकाळाकडे अंदाज बांधण्याचे कामही आले आहे. ‘एस्तारा एन कासा’ म्हणजे ‘घरी असेल’, ‘सेरान लास त्रेस’ म्हणजे ‘तीन वाजले असतील’. मराठीचे ‘असेल’ नेमके हेच दुहेरी काम करते.

मराठी व्याकरण क्रियापदाचे चार अर्थ मानते : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. स्पॅनिशच्या ज्या भागाला (इंग्रजीत ‘सब्जंक्टिव्ह’) लोक सर्वांत जास्त घाबरतात तो पुष्कळसा आपल्या विध्यर्थाच्या प्रदेशात येतो. प्रत्ययातला स्वर उलटतो. ‘-आर’ गणात ‘ए’ येतो, इतर दोन गणांत ‘आ’. ‘तो बोलतो’ म्हणजे ‘आब्ला’, पण ‘त्याने बोलावे अशी माझी इच्छा आहे’ म्हणजे ‘किएरो के आब्ले’. तरी दोन्ही भाषांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत. ‘तो बोलेल तेव्हा’ इथे मराठीत भविष्यकाळ येतो, स्पॅनिशमध्ये मात्र ‘क्वांदो आब्ले’ हेच रूप.

संकेतार्थात फरक आणखी उघड होतो. ‘मी स्पॅनिश बोलत असतो तर माद्रिदमध्ये काम केले असते’ या वाक्यात मराठी दोन्हीकडे ‘असणे’चेच संकेतार्थी रूप वापरते. स्पॅनिशला अटीसाठी एक रूप लागते आणि फळासाठी दुसरे : ‘सि आब्लारा एस्पान्योल, त्राबाखारीआ एन माद्रिद’. अटीच्या रूपाला ‘आब्लासे’ असा पर्यायही आहे, कारण लॅटिनमधली दोन वेगळी रूपे इथे एकाच कामाला आली. शिवाय ‘आब्लाऽरे’ हे भविष्यकालीन रूप एके काळी सर्रास चाले. आता ते कायद्याच्या भाषेत आणि म्हणींत उरले आहे.

जोराचे महत्त्व आता पुरते दिसते. आऽब्लो ‘मी बोलतो’, आब्लोऽ ‘तो बोलला’. आऽब्ले ‘त्याने बोलावे’, आब्लेऽ ‘मी बोललो’. आब्लाऽरा ‘बोलता तर’, आब्लाराऽ ‘बोलेल’. अक्षरे तीच असतात, केवळ जोर सरकल्याने काळ, पुरुष आणि अर्थ पालटतात. आपण मराठी बोलणारे शब्द सपाट उच्चारतो, म्हणून आपल्या चुका बहुतेक इथेच होतात. तक्ता डोळ्यांनी पाठ करण्यापेक्षा पाढ्यांसारखा मोठ्याने घोकणे जास्त उपयोगी पडते. ‘आब्लाऽमोस’ मात्र वर्तमान आणि भूत दोन्हींत सारखेच राहते. तिथे ‘काल’ किंवा ‘आता’ अशा शब्दावरून समजून घ्यावे लागते.

रोमन लिपीत काही नियमित क्रियापदे अनियमित भासतात. साकार (काढणे) याचे ‘मी काढले’ हे रूप साकेऽ. तिथे ‘क’चा उच्चार टिकवण्यासाठी रोमन अक्षरे बदलावी लागतात. देवनागरीत लिहिले की बदल दिसतच नाही आणि क्रियापद मुळात नियमित आहे हे कळते.

काळांच्या नावांच्या बाबतीत एकवाक्यता नाही. आंतोनियो दे नेब्रिखा यांचे कास्तिलियन (म्हणजे स्पॅनिश) भाषेचे व्याकरण 1492 मध्ये निघाले, स्पॅनिश अकादमीचे पहिले व्याकरण 1771 मध्ये. व्हेनेझुएलात जन्मलेले आंद्रेस बेल्यो यांनी 1847 मध्ये अमेरिकेतील वाचकांसाठी व्याकरण लिहिले आणि काळांना नवी नावे दिली. ‘आब्लाबा’ला त्यांनी ‘सहभूत’ अशा अर्थाचे नाव दिले, कारण ते रूप भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेच्या सोबतीने चालते. आपल्याकडे ताख्यात (‘बोलतो’), लाख्यात (‘बोललो’) ही नावे रूपावरून पडली. बेल्यो यांची नावे घटनांच्या क्रमावरून पडली. मेक्सिकोच्या पाठ्यपुस्तकांत ती अजून भेटतात, म्हणून एकाच रूपाला दोन देशांतल्या पुस्तकांत दोन नावे दिसली तर गोंधळून जाऊ नये.