पार्श्वभूमी : सांगलीचा खेळ आणि ‘पहिले नाटक’ हा वाद

५ नोव्हेंबर १८४३ला सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’चा खेळ केला आणि तो पहिले मराठी नाटक मानला जातो, हे मराठी नाट्यरसिकाला नव्याने सांगायला नको. वाद आहे तो ‘पहिले’ या शब्दाचा. तंजावरच्या मराठी राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीसच मराठीत नाटके लिहिली होती आणि त्यांची हस्तलिखिते आजही तिथे जपलेली आहेत. मग ‘सीतास्वयंवर’ पहिले कसे?

उत्तर ‘नाटक’ कशाला म्हणायचे यावर ठरते. आदल्या वर्षी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे, म्हणजे पुराणकथांचे खेळ करणाऱ्या नटसंचांचे, खेळ सांगलीत झाले आणि तसे काही मराठीत व्हावे, असे संस्थानिकांच्या मनाने घेतले. त्यातून जे उभे राहिले त्याला लिखित संवाद नव्हतेच. सूत्रधाराचे मंगलाचरण, अंगाला पाला बांधलेला विदूषक, मग गणपती, मग मोरावरची सरस्वती आणि त्यानंतर आख्यान. सूत्रधार शेवटपर्यंत उभा. पद तो म्हणणार आणि त्याच पदाचा अर्थ पात्र आपल्या शब्दांत बोलणार. म्हणजे प्रसंग दोनदा सांगितला जाई. नट अडखळला तरी पदामुळे कथा सुटत नसे, हा याचा मोठा फायदा. तोटाही तिथेच होता. राक्षस झालेल्या नटांची ‘राक्षसपार्टी’ ‘अलल्डुर्र’ अशा आरोळ्या ठोकत तलवारी परजू लागली, की तिला आवरायला संहिताच नव्हती. आख्यान तिथेच अडून बसे.

१८५१मध्ये राजाश्रय गेला. मंडळी गावोगाव हिंडू लागली आणि १८५३मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. १८६१च्या ‘थोरले माधवराव पेशवे’पासून संवाद पाठ करून करायची नाटके आली. त्यांना ‘बुकिश’ म्हणत. हे नाव नीट पाहण्यासारखे आहे. पुस्तकातून आलेले नाटक तेव्हा वेगळे, म्हणून त्याला विशेषण लागले. नुसते ‘नाटक’ म्हटले की खेळच. पुढे हे उलटले आणि छापील संहिता नाही ते नाटकच नाही, अशी समजूत रुजली. ‘पहिले’चा वाद या समजुतीतून निघतो. तंजावरची बाजू ग्रंथाची आहे, सांगलीची प्रयोगाची. आणि नाट्यकला प्रेक्षकांसमोर घडते, कागदावर नाही, हे मान्य केले तर सांगलीचे पारडे जड आहे. या खेळापासून आजच्या राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत धागा कुठे तुटलेला नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८०च्या ‘शाकुंतल’ या संगीत नाटकाने पदे सूत्रधाराकडून काढून पात्रांच्या तोंडी दिली. जो बोलतो तोच गातो, एवढाच बदल. पण त्यामुळे प्रसंग दोनदा सांगणे संपले आणि गायक नट घडला. १८९९च्या ‘शारदा’त त्याच घडणीने जरठ-बाला विवाहाचा प्रश्न रंगमंचावर आणला. त्याचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे हरिपूर सांगलीपासून चालत जाण्याइतके जवळ आहे.

सांगलीच्या आख्यानांची पदे १८८५मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. त्यात सूत्रधाराचे सगळे आहे. सीता, राम, रावण झालेल्या नटांनी त्या रात्री काय शब्द वापरले, ते त्यात नाही.