खेळातला ग्रह इतका लहान का?

व्हिडिओ गेममध्ये गंमत आधी की वास्तवता आधी, हा वाद बहुधा चित्र किती हुबेहूब दिसते यापाशीच अडतो. खेळातले निसर्गनियम खरे असावेत का, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. मेक्सिको सिटीतील ‘स्क्वॉड’ या कंपनीने २०११ मध्ये हा खेळ प्रथम लोकांसमोर आणला आणि २०१५ मध्ये पूर्णत्वास नेला. सुटे भाग जोडून रॉकेट बांधायचे आणि कर्बिन नावाच्या ग्रहावरून ते अंतराळात पाठवायचे, एवढेच यात करायचे असते.

कर्बिनची त्रिज्या केवळ ६०० किलोमीटर आहे, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या एक दशांशाहूनही कमी. तरीही त्याच्या पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकेच ठेवले आहे. हे दोन्ही जमवायचे तर त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ५८ ग्रॅम भरते. मूलद्रव्यांत सर्वांत घन असलेल्या ऑस्मियमची घनता २२.६ ग्रॅम आहे, हे लक्षात घेतले तर असा ग्रह कुठल्याही ज्ञात पदार्थाचा बनू शकत नाही, हे उघड आहे.

मग हा अशक्य ग्रह कशासाठी? याचे उत्तर इंधनाच्या हिशेबात आहे. पृथ्वीभोवतीच्या खालच्या कक्षेत पोहोचण्यासाठी, हवेचा अडथळा आणि गुरुत्वाकर्षण यांमुळे वाटेत होणारी घट धरून, सेकंदाला साधारण ९.४ किलोमीटर वेगाची तजवीज करावी लागते; कर्बिनवर ३.४ किलोमीटर पुरतात. फरक तिपटीहूनही कमी दिसतो, पण रॉकेटचा वेग आणि इंधन यांचे नाते सांगणाऱ्या त्सिओल्कोव्हस्कीच्या समीकरणानुसार लागणारे इंधन वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, घातांकाने वाढते. इंजिनातून वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतात असे धरले, तर पृथ्वीवरून निघणाऱ्या रॉकेटचे सुरुवातीचे वस्तुमान इंधन संपल्यानंतरच्या वस्तुमानाच्या सुमारे २३ पट असावे लागते, आणि कर्बिनवरून निघणाऱ्याचे जेमतेम ३ पट. खऱ्या रॉकेटमध्ये एकेका किलोसाठी अभियंत्यांना झगडावे लागते ते यामुळेच. कर्बिनवर मात्र नवख्याने कसेबसे जुळवलेले, वाकडेतिकडे रॉकेटही कक्षेत जाऊ शकते. ग्रहांमधल्या प्रवासाचे महिने बसून काढावे लागू नयेत म्हणून काळ हवा तितका वेगाने पुढे नेण्याचीही सोय आहे.

सवलत दिली ती एवढीच. कक्षेचे नियम तसेच ठेवले. जून १९६५ मध्ये ‘जेमिनी ४’ या अमेरिकी अंतराळयानाचे कमांडर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या, इंधन संपून सुटलेल्या भागाजवळ, म्हणजे रिकाम्या टप्प्याजवळ, यान नेण्याचा प्रयत्न केला. त्यांनी टप्प्याच्या दिशेने जोर लावला, तरी जवळीक काही साधेना आणि इंधन मात्र संपत चालले. अखेर प्रयत्न सोडून द्यावा लागला. पुढच्या वस्तूला गाठण्यासाठी वेग वाढवला की कक्षा उंचावते, प्रदक्षिणेला जास्त वेळ लागतो आणि यान मागे पडते. तिला गाठायचे तर आधी वेग कमी करून खालच्या, लहान कक्षेत उतरावे लागते. हा खेळ खेळणारा प्रत्येक जण कधी ना कधी नेमकी हीच चूक करतो, आणि तिचे कारण उमगते तो क्षण या खेळातला सर्वांत मोठा आनंद असतो, असे मी ठामपणे म्हणेन. नाक वळवले की यान तिकडे धावते, अशी सोय करून दिली असती तर खेळ सोपा झाला असता, पण त्यातला जीवच गेला असता. म्हणून गंमत आधी हे मला मान्य आहे. मात्र आकडे बदलून मिळणारी गंमत आणि नियम मोडून मिळणारी गंमत यांना मी एका मापाने मोजणार नाही.

एका ठिकाणी मात्र नियमालाच कात्री लागली आहे आणि ती मला बोचते. या खेळात यानावर एका वेळी एकाच गोलाचे गुरुत्वाकर्षण काम करते. त्यामुळे सूर्य आणि पृथ्वी या दोघांच्या ओढीतून तयार होणारा, आपले ‘आदित्य-एल१’ ज्याच्याभोवती फिरते तसा लाग्रांज बिंदू, म्हणजे जिथे यान दोघांच्या तुलनेत एकाच जागी राहू शकते अशी जागा, तिथे असूच शकत नाही. यामागचे कारण पटण्याजोगे आहे: दोनच वस्तू असतील तर कक्षा सरळ सूत्राने मिळते आणि काळ कितीही वेगाने पुढे नेला तरी ती ढळत नाही, तिसरी वस्तू आली की मार्ग पावलापावलाने मोजत जावा लागतो. ज्यांना ही उणीव चालत नाही त्यांच्यासाठी काही चाहत्यांनी ‘प्रिन्सिपिया’ नावाची जोड (मूळ खेळात भर घालणारा प्रोग्रॅम) तयार केली आहे. ती घातली की सर्व गोलांचे गुरुत्वाकर्षण यानावर एकाच वेळी काम करू लागते.