करस्पॉन्डन्स चेस: हळू प्रतिस्पर्धी आणि वेळेची रीत

करस्पॉन्डन्स चेस म्हणजे समोरासमोर न बसता एकेक चाल पाठवत आठवडे-महिने चालणारं बुद्धिबळ. पूर्वी हे पत्रानं चालायचं, आता मोबाइलवर चालतं, लिचेस आणि चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या वेबसाइट, लिचेसवर याला करस्पॉन्डन्सच म्हणतात आणि चेस डॉट कॉमवर डेली. यातली बरीच भांडणं चालींवरून होत नाहीत, वेळेवरून होतात, म्हणजे समोरचा इतका हळू का खेळतोय, मुद्दाम करतोय का, त्याला मेसेज टाकावा का वगैरे. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच तक्रारींना काही अर्थ नसतो.

वेबसाइटवर साधारणपणे प्रत्येक चालीला दिवस ठरलेले असतात, १ दिवसापासून १४ दिवसांपर्यंत, आणि तुम्ही चाल केली की तुमच्या पुढच्या चालीला परत पूर्ण दिवस मिळतात. ऐकायला १४ दिवस फार वाटत नाहीत पण हिशोब करून बघा, ४० चालींचा डाव आणि दोघांनीही पुरेपूर वेळ घेतला तर ४० गुणिले १४ गुणिले २ म्हणजे ११२० दिवस, तीन वर्षांच्या वर, तोवर पहिलीतलं पोरगं चौथीत जातं. तोच डाव ३ दिवसवाला असेल तर २४० दिवसांत म्हणजे आठ महिन्यांत उरकतो. आयसीसीएफ ही करस्पॉन्डन्स चेसची जागतिक संघटना, स्थापना १९५१ची, तिथे वेगळी पद्धत रूढ होती, १० चालींना मिळून ५० दिवस, वाचलेले दिवस पुढे वापरता येतात. एकाच चालीवर २० दिवसांपेक्षा जास्त बसलात तर पुढचे दिवस डबल मोजायचे असाही नियम तिथे होता, म्हणजे हळू खेळणाऱ्याचा इलाज घड्याळातच करून ठेवलेला.

तर मुख्य रीत अशी की डाव सुरू करताना जे दिवस दोघांनी मान्य केले ते दोघांच्या हक्काचे. १४ दिवसवाला डाव तुम्हीच घेतलात आणि समोरचा दर वेळी तेराव्या दिवशी चाल करतोय तर तो काहीच चुकत नाहीये, त्याच्याकडे असे पन्नास डाव चालू असतील, किंवा तो फक्त रविवारीच चेस उघडत असेल. त्याला "अरे खेळ ना लवकर" असं लिहिणं हीच खरी असभ्यता, आणि तासाभरानं परत लिहिणं तर विचारूच नका. घाई असेल तर १ किंवा २ दिवसवाला डाव घ्यायचा, साधं आहे. पुण्यातला भाऊ आणि न्यू जर्सीतला भाऊ यांना हा प्रकार सोयीचा पडतो तो याचसाठी, एक झोपलेला असताना दुसरा जागा असतो आणि कुणालाच कुणासाठी थांबून राहायला लागत नाही.

हळू खेळतो म्हणजे इंजिन लावतोय, म्हणजे चाली शोधून देणारा कॉम्प्युटर प्रोग्राम वापरतोय, हाही एक लाडका संशय. लिचेसवर आणि चेस डॉट कॉमवर अशा डावात ओपनिंगची म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची पुस्तकं आणि जुन्या डावांचे डेटाबेस बघायला परवानगी असते, इंजिनला नसते, आयसीसीएफमध्ये मात्र इंजिनही चालतं. पण ज्याला चोरूनच बघायचंय त्याला पाच मिनिटं पुरतात, त्यासाठी तो आठ दिवस कशाला थांबेल?

आता जिथे तक्रार खरी आहे ते बघू. डाव चांगला चालला होता तोवर दिवसाला एक चाल येत होती, मग वजीर गेला, मात दोन चालींवर आली, आणि साहेब एकदम तेरा-तेरा दिवस विचार करायला लागले. या खेळात याला इंग्रजीत नावच आहे, डेड मॅन्स डिफेन्स, म्हणजे मेलेल्याचा बचाव. नियम यात मोडत नाही, म्हणून साइट सहसा काही करत नाही, पण खेळणाऱ्यांत ही गोष्ट हलकी समजली जाते. फरक हळूपणाचा नाहीये, फरक वेग कधी बदलला याचा आहे. जो पहिल्यापासून हळू आहे तो हरतानाही हळूच खेळणार, त्याला या रांगेत बसवू नये. आणि हरलेला डाव खेळत राहणं हाही गुन्हा नाही, नवीन खेळाडूला मात शेवटपर्यंत बघायची असते, बघू द्या. समोरच्यानं डाव सोडावा म्हणून मागे लागणं तितकंच वाईट दिसतं.

गायब होणाऱ्यांची जात तिसरी. काही न सांगता खेळणं बंद, घड्याळ चालूच. वेबसाइटवर वेळ संपली की डाव आपला होतो आणि तो घेण्यात लाज वाटायचं काही कारण नाही, वेळ हा पण खेळाचाच भाग. चेस डॉट कॉमवर तुम्ही किती टक्के डाव टाइमआउटनं हरता ते प्रोफाइलवर दिसतं आणि काही टूर्नामेंटमध्ये तो आकडा जास्त असेल तर घेतच नाहीत, शिवाय तिथे सुट्टी लावून घड्याळ थांबवायची सोय आहे. लग्नकार्य, परीक्षा, गावाला जाणं असेल तर सुट्टी लावायची, पण हरायला आल्यावरच दर वेळी सुट्टी लागत असेल तर समोरच्याला कळतंच.

पत्राच्या काळात संयम सक्तीचाच होता. टपालाला लागलेले दिवस कुणाच्याच खात्यात धरायचे नाहीत, पत्र मिळालं तेव्हापासून उत्तर टाकेपर्यंतचेच दिवस मोजायचे. देशोदेशी भाषेचा घोळ नको म्हणून चाली आकड्यांत, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे म्हणजे ५२५४, पाचव्या उभ्या रांगेतल्या दुसऱ्या घरातून चौथ्या घरात. लंडन आणि एडिनबरा या शहरांच्या क्लबांमधली मॅच १८२४ ते १८२८ अशी चालली, स्कॉटलंडचं एडिनबरा जिंकलं आणि स्कॉच ओपनिंगला नाव तिथून मिळालं. सगळ्यात भारी किस्सा दहाव्या करस्पॉन्डन्स ऑलिम्पियाडचा, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेचा, १९८७ला फायनल सुरू झाली आणि १९९५ला संपली, सुवर्ण सोव्हिएत युनियनला आणि कांस्य पूर्व जर्मनीला, तोवर दोन्ही देश नकाशावर उरलेच नव्हते!

पत्रवाल्यांचीच एक चांगली सवय ऑनलाइनही आली आहे, ती म्हणजे अटीची चाल. "तू घोडा मारलास तर मी प्याद्यानं मारणार" असं आधीच लिहून द्यायचं. लिचेस आणि चेस डॉट कॉम दोन्हीकडे ही सोय आहे, समोरच्यानं तीच चाल केली की तुमचं उत्तर आपोआप जातं. जिथे मारामारी ठरलेलीच आहे तिथे यानं आठ-दहा दिवस सहज वाचतात, आणि हळू प्रतिस्पर्ध्यावर चिडण्यापेक्षा हे लावून ठेवणं जास्त कामाचं, फक्त त्यानं भलतीच चाल केली तर अट रद्द होते आणि तुम्हाला परत नव्यानं विचार करावा लागतो.